कोर्टाच्या वॉर्डातली सुंद्रा

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं अवरेकाईचे, म्हणजे आपल्या पावट्यासारख्या शेंगांचे, दाणे सोलत बसलो होतो. भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबायचा, की आतला गर टुणकन उडून पातेल्यात पडतो आणि साल बोटात राहतं. बेंगळुरात थंडीत घरोघर हेच चाललेलं असतं. माझा दाणा दर वेळी पातेल्याबाहेर पडत होता. सुंद्रा म्हणाली, "तुम्ही लेथवर चाळीस वर्षं काढली, आणि एक दाणा धरता येत नाही."

मग थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाली, "उद्या तारीख आहे. याल का?"

मी म्हणालो, "मी येऊन काय करू? मी काही पाहिलं नाही."

"सरी," ती म्हणाली. कानडीत सरी म्हणजे ठीक. पण सुंद्राचं सरी निराळं होतं. वाद संपला की ती सरी म्हणायची, आणि वाद संपला म्हणजे समोरचा हरला असं तिच्या हिशेबी असायचं.

तारीख आमच्या पोराच्या केसची होती. प्रवीणनं बायकोला मारलं होतं, आणि सुंद्रा सुनेच्या बाजूनं साक्ष द्यायला निघाली होती. सख्ख्या पोराविरुद्ध. ते पुढं सांगतो. आधी ती कशी बाई होती ते सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतात तसं तुम्हीही म्हणाल, की आई असून असं कसं केलं.

आम्ही दोघं निपाणीकडचे. मी चौथी शिकून बेंगळुरात पीण्याला आलो, तो सगळा कारखान्यांचा भाग, तिथं एका वर्कशॉपात लेथवर लागलो. सुंद्रा सातवी शिकलेली. लग्नानंतर दोन वर्षांनी ती वेड्यांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात अटेंडर म्हणून लागली. तिथं एक वॉर्ड होता, गज लावलेला. खून केलेले, घर जाळलेले, लेकराला विहिरीत टाकलेले, असे लोक कोर्ट तिथं पाठवायचं. हा खरंच वेडा आहे का सोंग करतोय, ते डॉक्टरांनी सांगायचं. दवाखान्यात सगळे त्याला कोर्टाचा वॉर्ड म्हणत. तिथं काम करायला कुणी राजी नसायचं. सुंद्रानं मागून घेतला. बायकांच्या बाजूला तीस वर्षं होती. तिला सगळे सुंद्राक्का म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा.

मागून का घेतला, ते मला ठाऊक होतं. ती आठ वर्षांची असताना तिच्या बापानं तिच्या आईला ऊस तोडायच्या कोयत्यानं मारलं. जेवताना. एक घाव मानेवर, दुसरा खांद्यावर. सुंद्रा समोर बसली होती. शेजारी येईस्तोवर तिनं जमीन पुसून काढली होती. पुढं मोठी झाल्यावर एकदाच जेलात जाऊन बापाला भेटली. विचारलं, का मारलंस. बाप म्हणाला, आमटीत मीठ नव्हतं.

ती मला म्हणाली, "मीठ होतं. मी चाखली होती."

एवढंच. रडली नाही. पण जन्मभर एक सवय राहिली. आमटी चुलीवरून उतरवली की दोनदा चाखायची, आणि घरात जो असेल त्यालाही एक पळी चाखायला लावायची. गॅस सिलेंडर आणणाऱ्यालाही. तो बिचारा दारात हातावर आमटी घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "सुपर आहे अक्का."

आमच्या लग्नात माझी आई अडून बसली होती. खुन्याची पोरगी, रक्तातच असणार, म्हणायची. सुंद्राच्या कानावर ते गेलं होतं. म्हणूनच तिनं तो वॉर्ड घेतला. रक्तात असतं का नसतं, ते तिला बघायचं होतं.

घरी येऊन सांगायची. एक डॉक्टर म्हणतो, मेंदूत जन्मतःच काहीतरी कमी असतं, म्हणून असल्यांना भीती वाटत नाही. दुसरा म्हणतो, लहानपणी ज्यानं मार खाल्ला तोच मोठेपणी मारतो. तिसरा म्हणतो, नुसतं एकानं होत नाही, रक्त पाहिजे आणि मारही पाहिजे. सुंद्रा कॉफी ठेवता ठेवता सगळं ऐकायची. मला म्हणायची, "एवढी बुकं वाचतात. वॉर्डात येऊन बाईचे पाय बघत नाहीत."

पाय म्हणजे काय? तिचं म्हणणं, मारायला उठणारा माणूस तोंडावर काही दाखवत नाही. हसतोसुद्धा. पण त्याच्या पायाची बोटं जमीन धरतात. मी हे पुढं बसमध्ये, दारूच्या दुकानात बघितलं. खरं आहे.

एकदा मात्र तिला पाय दिसले नाहीत. वॉर्डात एक बाई होती, सवतीच्या दोन पोरी जाळून आलेली. तिनं जेवणाच्या स्टीलच्या थाळीची कड फरशीवर घासून घासून धार केली होती. सुंद्रा तिचं अंथरूण बदलायला वाकली, तशी तिनं मागून वार केला. मनगटापासून कोपरापर्यंत मांस उघडं पडलं. सुंद्रानं वळून तिला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि एका हातानं नरडं धरलं. गार्ड येईपर्यंत तशीच धरून होती. बावीस टाके पडले.

घरी आल्यावर म्हणाली, "तिचं नरडं माझ्या मुठीत होतं. अंगठा नुसता आत दाबायचा होता. मला दाबावंसं वाटलं हो. लई वाटलं. नाही दाबला." मग म्हणाली, "बापाचं माझ्यात आलंच नसेल. नाहीतर आलंय, पण माझं ऐकतंय."

तो हात पुढं पूर्ण सरळ झाला नाही. त्याच हातानं ती डबा भरायची.

दवाखान्यात एक मेघना मॅडम आल्या. नागपूरच्या, मनाच्या डॉक्टर. पोलीस त्यांच्याकडे फोटो घेऊन यायचे. खून कसा केलाय ते बघून, करणारा माणूस कसा असेल, कुठल्या वयाचा, घरचा का बाहेरचा, ते त्या सांगायच्या. मॅडमना कानडी येत नव्हतं, म्हणून सुंद्रा त्यांच्याजवळ बसायची. एकदा टेबलावर फोटो पसरले होते. येलहंक्यातली एक म्हातारी, स्वयंपाकघरात पडलेली, डोकं वरवंट्यानं ठेचलेलं. चेहरा राहिला नव्हता. पोलिसांनी घर रंगवायला आलेल्या पेंटरला धरलं होतं.

सुंद्रा म्हणाली, "मॅडम, हे दूध बघा."

"कुठलं दूध?"

"शेगडीवरचं. वर आलेलं दिसतंय, पण उतू गेलं नाही. गॅस बंद करून वर जाळी झाकलीय. खून करून पळणारा माणूस दुधाकडं बघतो का? ज्या हाताला रोज दूध तापवायची सवय आहे, त्यानं केलंय. हाताला कळलंच नाही आपण काय केलं ते."

मॅडमनी फोटो जवळ ओढून पाहिला. त्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं. तीन दिवसांत म्हातारीच्या सुनेनं कबूल केलं. पेंटर सुटला, तोवर ठाण्यात त्याची दोन बोटं मोडली होती.

झालं. त्यानंतर तो इन्स्पेक्टर फोटो घेऊन सरळ सुंद्राकडेच यायला लागला. "सुंद्राक्का, स्वल्प नोडी," म्हणजे जरा बघा. मॅडमना ते आवडत नसे. म्हणायच्या, "अक्का, यू आर गुड, पण हा अंदाज असतो. अंदाजाला पुरावा म्हणू नये." सुंद्रा हसायची. खरं सांगायचं तर तिला जरा चढलं होतं. मलाही. वर्कशॉपात मी सांगत फिरायचो, माझी बायको फोटो बघून खुनी सांगते.

मग मारुतीची केस आली.

मारुती सांगलीकडचा, पीण्यात ट्रक चालवायचा. त्याची बायको खोलीत मेलेली सापडली. गळा चिरलेला, भिंतीवर उंचापर्यंत रक्त, खुर्ची मोडलेली, म्हणजे तिनं झटापट केली होती. फोटो बघून सुंद्रा म्हणाली, "हिच्या बांगड्या बघा. दोन्ही हातात डझन डझन हिरव्या, एकही फुटलेली नाही. एवढी झटापट झाली आणि काच शाबूत? नंतर भरल्यात. मेल्यावर. बाई सवाष्ण जावी म्हणून. आमच्याकडं हे नवऱ्यालाच सुचेल. दुसऱ्याला काय पडलंय?"

सगळं बरोबर होतं. बांगड्या नंतरच भरल्या होत्या. सवाष्ण जावी म्हणूनच भरल्या होत्या. फक्त भरणारा नवरा नव्हता.

पोलिसांनी मारुतीला पाच दिवस मारला. उलटा टांगून तळपायावर, मग खुब्यावर, मग कानाखाली. कानाचा पडदा फाटला, खुबा मोडला. सहाव्या दिवशी त्याची सासू ठाण्यात जाऊन म्हणाली, बांगड्या मी भरल्या. ती शेजारच्या गल्लीत राहायची. सकाळी लेकीकडे आली, तर लेक तशी पडलेली. हातात फुटक्या काचा. नवरा जिवंत असताना बाई फुटक्या बांगड्यांनी जाऊ नये, जावयाला वाईट असतं, एवढंच तिच्या डोक्यात आलं. काचा झाडून बाहेर टाकल्या, पेटीतल्या नव्या बांगड्या लेकीच्या गार पडलेल्या हातात चढवल्या, आणि मग ओरडली. जावयाला काही होऊ नये म्हणून! पाच दिवस का गप्प होतीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही.

खुनी घरमालकाचा भाऊ निघाला. बाईच्या कानातली फुलं विकताना सापडला.

सुंद्रानं तीन दिवस डबा नेला नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, मारुतीकडं जायचंय. मी म्हणालो, वेडी आहेस का, तुझं नाव कुठं आलंय? ती चप्पल घालून निघाली, म्हणून मी मागं गेलो.

मारुती खाटेवर होता. सुंद्रा दारातच म्हणाली, "तुझ्या बायकोचे फोटो मी बघितले. नवऱ्यानंच केलंय असं मी बोलले. म्हणून तुला धरलं." त्याला एका कानानं ऐकू येत नव्हतं. म्हणून ती जवळ गेली, दुसऱ्या कानाशी वाकली आणि तेच परत बोलली.

त्यानं उशाचा पितळी तांब्या उचलून तिच्या कपाळावर घातला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. मी धावलो. त्याचं मानगूट धरणार, तेवढ्यात ती ओरडली, "हात खाली घ्या! तुमचा हात मला ठाऊक आहे."

मी थांबलो. तिनं पदर कपाळाला लावला, आणि मारुतीला म्हणाली, "आणखी मारायचं तर मार. मी बसते." खाली बसली. त्यानं मारलं नाही. तो रडायला लागला, आणि ती तिथंच बसून राहिली, त्याचं रडणं संपेस्तोवर.

त्या दिवसानंतर तिनं एकही फोटो बघितला नाही. इन्स्पेक्टर आला की म्हणायची, "साहेब, तुम्ही आणि मी पोचायच्या आधी तिथं कोण येऊन गेलं, ते पहिलं शोधा. मग माझ्याकडं या." तो परत आला नाही.

आता हातावर येतो. तुमचा हात मला ठाऊक आहे, असं ती का म्हणाली? कारण मी मारायचो. लग्नानंतर दहा-बारा वर्षं. वर्कशॉपात मालक शिव्या घालायचा, येताना मी पिऊन यायचो, आणि घरी पट्टा काढायचो. पट्टा नसला तर हात. कारण काय? कारण नव्हतं. तिला नोकरी होती, तिला अक्का म्हणत, मला कुणी काही म्हणत नव्हतं, हेच असेल. एकदा तिचा दात पडला. ती वॉर्डात खुनी बायकांना सांभाळून यायची आणि घरी माझा मार खायची. प्रवीण पाच-सहा वर्षांचा होता. तो पलंगाखाली जायचा. मला त्याचे पाय दिसायचे.

पुढं दारू सुटली, मार सुटला. मी माफी मागितली नाही. ती बोलली नाही. मला वाटलं, मिटलं.

पोरगा शिकला, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर घर घेतलं. पुण्याची मुलगी केली, नेहा. चांगली पोरगी. मला बाबा म्हणते. गेल्या वर्षी एका दुपारी नेहाचा फोन आला. बोलत काहीच नव्हती, नुसता श्वास येत होता. सुंद्रानं फोन कानाला धरला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "चला."

वॉचमननं ओळखून वर सोडलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत प्रवीण हातात चार्जरची वायर दुहेरी धरून उभा होता. नेहा भिंतीशी, गुडघ्यात डोकं घातलेलं, पाठीवर कुर्ता फाटून लाल वळ उठलेले. आमच्यादेखत त्यानं आणखी एक घातली. त्याचा हात सुटला होता, थांबत नव्हता. मी दारात उभा राहिलो. माझ्यानं आत पाऊल टाकवेना. सुंद्रा मध्ये गेली, एक फटका तिच्या त्याच जुन्या हातावर बसला, मग वायर तिनं धरली.

प्रवीण धापा टाकत म्हणाला, "आई, तू यात पडू नको. माझ्या कंट्रोलमध्ये नसतं हे. मी वाचलंय, जेनेटिक असतं. तुझ्या बापाचंच आलंय माझ्यात. आय कान्ट हेल्प इट."

सुंद्रा म्हणाली, "माझ्या बापाचं रक्त तुझ्यापेक्षा मला जास्त लागून आहे. मी कुणाला मारलं, सांग. एक नाव सांग."

तो वायर ओढायला लागला. तिनं सोडली नाही.

"वॉर्डात शंभर बायका बघितल्या मी, तुझ्यासारखंच सांगणाऱ्या. आता साहेबासमोर मारून दाखव. मॅनेजरसमोर मार. तिथं तुझं रक्त कुठं जातं?"

नेहाला हाताला धरून तिनं खाली आणलं, ऑटोत घातलं, आधी दवाखान्यात नेलं, मग ठाण्यात. नेहाचा जबडा सुजून बोलता येत नव्हतं, म्हणून फिर्याद सुंद्रानंच सांगितली. पोलिसानं मला विचारलं, तुम्ही पाहिलं? मी म्हणालो, मी लिफ्टपाशी होतो.

त्यानंतर घरात मीच सुंद्राला बोलायचो. लोक काय म्हणतील, पोराची नोकरी जाईल, आणि एकदा तर म्हणालो, "तुझ्या बापाचं रक्त, त्याला पोरानं काय करावं?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मारुतीच्या वेळी मी एकदा चुकले. आता नाही चुकायची. रक्ताच्या आधी त्या घरात कोण येऊन गेलं, ते बघायचं." आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. फोटो बघायची तसं.

मी उठून बाहेर गेलो.

नेहाची वकीलबाई सांगायची, डॉक्टरचा कागद आहे, पण प्रवीणचा वकील म्हणतो, ती बाथरूममध्ये पडली. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस एकच, सासू. तिची साक्ष झाली की नेहाला त्याच्यापासून संरक्षण मिळेल. सोमवारी ती साक्ष होती.

रविवारी दाणे सोलून झाले. सुंद्रा पातेलं घेऊन उठली, दोन पावलं गेली आणि भिंतीला टेकली. म्हणाली, "हात जड झालाय." मला वाटलं जुनाच हात. दुसरा होता. मी तिला ऑटोत घातलं तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ती ड्रायव्हरला सांगत होती, "अण्णा, स्वल्प सावकाश. हे घाबरलेत." दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर घेतली. मी बरोबर जायला लागलो, तर नर्सनं अडवलं. सुंद्रानं मान वळवून माझ्या पायाच्या बोटांकडं बघितलं. मग दार बंद झालं. अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले.

संध्याकाळी इलेक्ट्रिकच्या स्मशानात नेली. प्रवीणनं डोकं भादरलं होतं, सगळं त्यानंच केलं. नेहा आली होती, लांब उभी होती. प्रवीणच्या वकिलाचा फोन त्याला तिथंच आला. बोलून झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, आता केसमध्ये काही राहिलं नाही. आपण सगळं नीट करू."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. रडून सुजलं होतं. खोटं नव्हतं ते रडणं.

सोमवारी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि बसनं कोर्टात गेलो. शेजारीण म्हणाली, सुतकात बाहेर पडू नका. मी गेलो. वऱ्हांड्यात एका बाकावर नेहा आणि तिची वकीलबाई होती, समोरच्या बाकावर प्रवीण, एकटा. तो उठून उभा राहिला. "आप्पा, तुम्ही कशाला आलात?"

मी वकीलबाईकडं गेलो. म्हणालो, "माझी साक्ष घ्या. मी दारात होतो, लिफ्टपाशी नव्हतो. वायरीनं मारताना पाहिलं, त्याच्या आईला लागलेलंही पाहिलं."

ती कानडीत म्हणाली, आज लगेच नाही होणार, अर्ज करावा लागेल, पण तुमचं सांगणं मी लिहून घेते. लिहिता लिहिता विचारलं, "एवढे दिवस का नाही सांगितलंत?"

"कारण मीही असंच मारायचो. हिच्या सासूला, पट्ट्यानं, दहा-बारा वर्षं. त्यानं पलंगाखालून पाहिलंय. तेही लिहा."

"अज्जा, त्याची केसला गरज नाही."

"लिहा."

नेहानं तोंडावर हात धरला. वकीलबाईनं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. पट्टा आला होता, वर्षं आली होती. मी मराठीत सही केली. नेहानं सरकून बाकावर माझ्यासाठी जागा केली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जाऊन समोरच्या बाकावर, प्रवीणच्या शेजारी बसलो.